डोप टेस्टला बोलावलं तर: जलतरणपटू, पालक आणि प्रशिक्षकांसाठी

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डीमाँट हा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा ४०० मीटर फ्रीस्टाइल सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकला. त्याला लहानपणापासून दमा. दम्याच्या गोळीत एफेड्रिन होतं, आणि ते उत्तेजकांच्या यादीत होतं. गोळीचं नाव त्याने स्पर्धेआधीच संघाच्या वैद्यकीय फॉर्मवर लिहून दिलं होतं. ती माहिती संघाच्या डॉक्टरांनी पुढे पोचवली नाही. सुवर्णपदक गेलं, १५०० मीटरमध्ये उतरू दिलं नाही. त्याची चूक नव्हती हे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये मान्य केलं, पण पदक त्याला परत मिळालेलं नाही.

क्लबच्या मुलांबरोबर स्पर्धांना जायला लागल्यापासून ही गोष्ट मी दरवर्षी नव्या पालकांना सांगते. डोपिंग म्हटलं की लोकांना इंजेक्शनं टोचून घेणारे खेळाडू आठवतात. तसे असतातच. आपल्या घरातल्या मुलामुलींना धोका असतो तो मात्र खोकल्याच्या सिरपचा, जिममधल्या डब्याचा आणि न ठेवलेल्या नोंदीचा. म्हणून पहिली पायरी टेस्टच्या खूप आधी, घरातल्या औषधांच्या खणापाशी येते.

पायरी १: औषधांची वही

एक साधी वही घ्या. मुलाने घेतलेली प्रत्येक गोळी, सिरप, पंप, इंजेक्शन, प्रोटीन पावडर, काढा आणि चूर्ण तारखेनुसार तीत लिहा. औषधाचं नाव, आतले घटक, मात्रा, कोणी लिहून दिलं आणि बॅच क्रमांक एवढं पुरे. प्रिस्क्रिप्शन आणि बिल त्याच पानाला लावून ठेवा. हे सगळं का, ते पुढे वेळोवेळी दिसेल.

नियम असा आहे की शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार. कोणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नाही, हे प्रश्न शिक्षा ठरवताना विचारात घेतात, दोष ठरवताना नाही. "डॉक्टरांनी दिलं" या उत्तराने केस मिटत नाही. म्हणून डॉक्टरांसमोर बसताक्षणी सांगायचं: "मुलगी स्पर्धांत पोहते, तिची डोप टेस्ट होऊ शकते." बंदी असलेल्या पदार्थांची यादी जागतिक संस्था वाडा काढते आणि ती दर १ जानेवारीला नव्याने लागू होते. आपल्या राष्ट्रीय संस्थेचं, नाडाचं, 'नो युअर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे. त्यात घटकाचं नाव टाकून तपासता येतं. तपासलंत की त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

आपल्याकडे जिथे हमखास पाय घसरतो त्या जागा सांगते.

खोकल्याचं सिरप. कफ सुटावा म्हणून देतात त्या अनेक सिरपांत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. टर्ब्युटालिनवर सदासर्वकाळ बंदी आहे, स्पर्धा असो वा नसो. साल्ब्युटामॉल तोंडावाटे घेतलं तरी तेच. आमच्या एका मुलाला राज्य स्पर्धेच्या आठ दिवस आधी असंच सिरप दिलं गेलं होतं. आईने वहीत घटक उतरवताना नाव ओळखलं आणि ते बदलून घेतलं. बाटलीवरचं मोठं नाव वाचून हे कळलं नसतं. घटक बारीक अक्षरात मागे असतात.

दम्याचा पंप. क्लोरीनच्या हवेत तासन्‌तास श्वास घेणाऱ्या पोहणाऱ्यांमध्ये दमा पुष्कळ दिसतो. पंपाने ओढलेलं साल्ब्युटामॉल मर्यादेत चालतं: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही आठ तासांत ६००हून जास्त नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे आठ तासांत सहा पफ होतात. आता नेब्युलायझरचा हिशेब करा. दवाखान्यात वाफ देताना वापरतात ती कुपी सहसा अडीच मिलिग्रॅमची, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅमची. एका वाफेत मर्यादा ओलांडली. दम लागलेल्या मुलाला वाफ देऊच नका असं मी म्हणत नाही, जीव आधी. मात्र त्या दिवशीचे दवाखान्याचे कागद लगेच जमवा आणि परवानगीचा अर्ज करा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सलाईन. "थकवा आलाय, एक बाटली लावून टाकू" हे आपल्याकडे किती सहज होतं. कोणत्याही १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून देणं ही बंदी असलेली पद्धत आहे, आत नुसतं मीठपाणी असलं तरी. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग म्हणून दिलं असेल तर सूट आहे. शर्यतींच्या मधे हॉटेलच्या खोलीत ताकदीसाठी लावलेली बाटली त्यात बसत नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या. प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट यांसारख्या गोळ्या आणि या गटातली इंजेक्शनं स्पर्धेच्या काळात चालत नाहीत. गोळी थांबवल्यावर साधारण तीन दिवस जाऊ द्यावे लागतात. काही इंजेक्शनांना त्याहून कितीतरी जास्त, ट्रायअ‍ॅमसिनोलोन स्नायूत दिलं असेल तर ६० दिवस. कानात पाणी जाऊन सूज येते तेव्हाचे थेंब किंवा त्वचेवरचं मलम याला अडचण नाही.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी. स्पर्धेच्या तारखा जुळल्या की मुली नॉरएथिस्टेरोन घेतात. त्यावर बंदी नाही. तरी त्यातून मूत्रात नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडचाच एक अवशेष अल्प प्रमाणात दिसू शकतो. टेस्टच्या फॉर्मवर ही गोळी अवश्य लिहायची. याबद्दल मुली लाजेने बोलत नाहीत, म्हणून महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापिकेने आधीच विचारलेलं बरं.

घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध आहे आणि त्यावर बंदी आहे. छातीत दुखण्यावर देतात ते ट्रायमेटाझिडिनही यादीत आहे. आजोबांचा डबा आणि मुलाचा डबा वेगळ्या खणात ठेवा.

सप्लिमेंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वाढत्या वयातल्या पोहणाऱ्याला डब्यातल्या पावडरीची गरज नसते. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी मिथाइलहेक्झानअमाइन या पदार्थामुळे आपले कुस्तीगीर आणि जलतरणपटू अडकले. लेबलवर तो 'डीएमएए' किंवा 'जेरेनियम अर्क' अशा नावांनी लपलेला असतो. २००८ मध्ये अमेरिकेची जेसिका हार्डी निवड स्पर्धेत क्लेनब्युटेरॉलसाठी पॉझिटिव्ह आली आणि तिचं बीजिंग ऑलिंपिक गेलं. कारण दूषित सप्लिमेंट निघालं, तरीही वर्षभराची बंदी झालीच. घ्यायचंच असेल तर बॅचनुसार तपासणी झालेलं घ्या, बिल ठेवा आणि त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा बाजूला ठेवा. आयुर्वेदिक औषधांनाही हेच लागू. "नैसर्गिक आहे" हा बचाव चालत नाही, आणि सुट्या पुड्यांत काय आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

पायरी २: औषध लागतंच असेल तर परवानगी

आजाराला दुसरा उपाय नसेल आणि औषध यादीतलं असेल, तर उपचारासाठी सूट मागता येते. खेळात तिला 'टीयूई' म्हणतात. राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू नाडाकडे अर्ज करतो, आंतरराष्ट्रीय पातळीवरचा वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सकडे, म्हणजे पोहण्याच्या जागतिक संस्थेकडे, पूर्वीच्या फिनाकडे. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करावा. सोबत निदान, तपासण्यांचे अहवाल, दुसरं औषध का चालत नाही याचं डॉक्टरांचं लेखी कारण, मात्रा आणि मुदत. "पेशंटला दमा आहे" एवढ्या एका ओळीवर सूट मिळत नाही, फुप्फुसांच्या चाचणीचे आकडे लागतात. तातडीच्या उपचारांत अर्ज मागाहूनही करता येतो.

पायरी ३: ठावठिकाणा

हे सगळ्यांना लागू नाही. नाडाच्या किंवा वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नोंदणीकृत चाचणी गटात नाव आल्याचं पत्र मिळालं, तर दर तीन महिन्यांचा ठावठिकाणा आगाऊ भरावा लागतो: राहण्याचा पत्ता, सरावाची जागा, आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला असा एक तास जेव्हा तुम्ही त्या जागी नक्की सापडाल. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की दोन वर्षांपर्यंत बंदी, एकही नमुना पॉझिटिव्ह नसताना. पहाटेचा घरचा तास सगळ्यात सोपा. भरायचं काम प्रशिक्षकाने अंगावर घेतलं तरी चुकलं तर दोष खेळाडूचाच. शिबिराची जागा बदलली की त्याच दिवशी बदल करा.

गटात नाव नाही म्हणजे टेस्ट नाही असं मात्र समजू नका. महासंघाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या कोणाचाही नमुना घेता येतो, वय कितीही लहान असो.

पायरी ४: टेस्टचा दिवस

शर्यत संपते, मूल पाण्याबाहेर येतं आणि ओळखपत्र लावलेली व्यक्ती कागद पुढे करते. इथून नमुना सीलबंद होईपर्यंत मूल त्या व्यक्तीच्या नजरेआड जाता कामा नये. ओळखपत्र बघा, नाव वाचा, सही करा. नकार देणं किंवा निघून जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची बंदी चार वर्षांपर्यंत जाते.

पोहणाऱ्यांची एक सवय इथे महाग पडते. शर्यतीनंतर सरळ शॉवरखाली जाऊन तिथेच लघवी करायची. सूचना मिळाल्यावर पहिली लघवी नमुन्यासाठीच राखायची असते, हे लहान मुलांना आधीच समजावून ठेवा.

मागता येतील अशा गोष्टी पुष्कळ आहेत. शर्यतीनंतरचं हलकं पोहणं, पदक समारंभ, त्याच सत्रातली पुढची शर्यत, दुखापतीवर उपचार, सोबतीला प्रतिनिधी शोधणं, यासाठी वेळ मागता येतो. सोबत ती व्यक्ती असेलच. भाषा समजत नसेल तर दुभाषा मागता येतो. अठराखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस असायलाच हवं. कोण जाणार हे स्पर्धेच्या आदल्या दिवशी ठरवा, कारण पालक प्रेक्षागृहात आणि प्रशिक्षक दुसऱ्या मुलाच्या शर्यतीत असं ऐनवेळी होतंच.

खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्या असतात. स्वतः निवडा, स्वतः उघडा. घाईने दोन लिटर पाणी ढोसू नका, लघवी फार पातळ झाली तर नमुना पुन्हा द्यावा लागतो आणि रात्रीचे अकरा वाजतात. घट्ट रेसिंग सूट आधी बदलून घ्या.

नमुना देताना त्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहतो आणि प्रत्यक्ष बघतो. कपडे छातीपर्यंत वर, गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत. पहिल्यांदा हे फार अवघड जातं. मुलांना आधी सांगितलेलं नसेल तर ती रडवेली होतात, काहींना तासन्‌तास लघवीच होत नाही. अल्पवयीन मुलाबरोबरचा प्रतिनिधी आत येतो तो अधिकाऱ्यावर लक्ष ठेवायला. तो मुलाकडे बघत नाही. हा फरक मुलाला सांगा, त्याला धीर येतो.

किमान ९० मिलिलिटर लागतं. कमी पडलं तर तेवढं सील करून ठेवतात आणि पुढचं त्यात मिळवतात. मग खेळाडूनेच बाटल्यांचा संच निवडायचा, सील तपासायचं, झाकण, बाटली आणि डबा यांवरचे क्रमांक मोठ्याने वाचून जुळवायचे. ओतायचंही खेळाडूनेच: आधी 'बी' बाटलीत ३०, मग 'ए'मध्ये ६०, उरलेलं दोन्हींत. झाकण घट्ट लागलं की बाटली उलटी करून गळत नाही ना ते पाहायचं. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या कागदावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो.

रक्ताचा नमुना असेल तर आधी दहा मिनिटं पाय जमिनीला टेकवून बसवतात. तो जैविक पासपोर्टसाठी (खेळाडूच्या रक्तातल्या बदलांची दीर्घकाळ ठेवलेली नोंद) असेल तर सराव किंवा शर्यत संपून ठरावीक वेळ गेलेला असावा लागतो. एका वेळी तीनपेक्षा जास्त वेळा सुई टोचता येत नाही.

आता वही बाहेर काढा. गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं फॉर्मवर लिहा. रांगेत मागे मुलं उभी असतात, बाहेर बस थांबलेली असते, आणि आठवून लिहिताना निम्मं राहून जातं.

फॉर्मवर शेरा लिहायची जागा असते. काही खटकलं तर तिथेच लिहा. क्रमांक जुळला नाही, बाटलीचं पाकीट आधीच उघडं होतं, ओळखपत्र दाखवलं नाही, जे घडलं ते. हे नीट समजून घ्यायला सुन यांगची केस बघा. चीनच्या या ऑलिंपिक विजेत्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये रात्री घरी पथक आलं. पथकातल्या लोकांची कागदपत्रं पुरी नाहीत असा त्याचा आक्षेप होता. वाद वाढला आणि अखेर त्याच्या सुरक्षारक्षकाने रक्ताच्या नमुन्याचं बाहेरचं पात्र हातोडीने फोडलं. क्रीडा लवाद न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये आठ वर्षांची बंदी घातली. लवादाच्या अध्यक्षाच्या ट्वीटमुळे तो निकाल स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण २०२१च्या फेरसुनावणीतही चार वर्षं तीन महिने बंदी झालीच. नमुना देऊन, आक्षेप फॉर्मवर लिहून तो नंतर लढला असता तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं. फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय खोली सोडू नका. ती वहीतच लावा.

पायरी ५: पत्र आलं तर

नमुना पॉझिटिव्ह आला की आधी दोन गोष्टी तपासतात: औषधाची परवानगी होती का, आणि नमुना घेताना निकालावर परिणाम करणारी चूक झाली होती का. दोन्हींतून सुटका नाही झाली तर पत्र येतं. त्यात पदार्थाचं नाव आणि मुदती असतात. पहिल्याच दिवशी त्या मुदती कॅलेंडरवर लिहा. घरात रडारड होते, एकमेकांवर आरोप होतात, आणि त्यात चार दिवस निघून जातात. ते चार दिवस फार मोलाचे असतात.

पदार्थ कोणत्या गटात आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. अ‍ॅनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टेरॉइडसारख्या पदार्थांत तात्पुरतं निलंबन आपोआप लागतं आणि मूळ शिक्षा चार वर्षांची, हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध केलं तर दोन. जे औषधातून किंवा नकळतही शरीरात जाऊ शकतात आणि ज्यांना 'स्पेसिफाइड' म्हणतात त्या पदार्थांत मूळ शिक्षा दोन वर्षांची, आणि हेतू होता हे संस्थेला सिद्ध करावं लागतं. अशा वेळी निलंबन स्वतःहून स्वीकारलं तर तो काळ शिक्षेतून वजा होतो. पुढची स्पर्धा पोहायच्या हट्टापायी हे सोडू नका.

आधी 'ए' बाटली तपासतात, 'बी' राखीव असते. हा 'बी' नमुना उघडून तपासायला सांगण्याचा हक्क आहे. त्या वेळी स्वतः किंवा प्रतिनिधीने हजर राहता येतं, 'ए'च्या तपासणीची सगळी कागदपत्रंही मागता येतात. 'बी'मध्ये तो पदार्थ सापडला नाही तर नमुन्याची केस तिथेच थांबते. तसं क्वचितच होतं. पदार्थ शरीरात कसा आला हे तुम्हाला ठाऊक असेल तर 'बी'त दिवस घालवण्यापेक्षा स्रोत सिद्ध करण्यामागे लागा.

स्रोत शोधणं हेच खरं काम. इथे दोन उदाहरणं बोलकी आहेत, एक अमेरिकेचं आणि एक ब्राझीलचं. २०१८ मध्ये मॅडिसिन कॉक्स ट्रायमेटाझिडिनसाठी पॉझिटिव्ह आली आणि दोन वर्षांची बंदी झाली. ती कित्येक वर्षं एकच मल्टिव्हिटॅमिन घेत होती. नंतरच्या तपासणीत त्या गोळ्यांत, उघड्या आणि सीलबंद दोन्ही बाटल्यांत, चार नॅनोग्रॅम इतका अंश सापडला. बंदी सहा महिन्यांवर आली. २०११ मध्ये ब्राझीलचा सेझार सिएलो फ्युरोसेमाइड या मूत्रल औषधासाठी पॉझिटिव्ह आला. कॅफीनच्या कॅप्सूल ज्या औषधालयात बनवून घेतल्या तिथेच त्या दूषित झाल्या होत्या. खरेदीचे आणि बनवणाऱ्याचे कागद हाताशी होते, त्याला ताकीद मिळाली. त्याच कॅप्सूल घेतलेल्या त्याच्या एका सहकाऱ्याला मात्र वर्षाची बंदी झाली, कारण त्याची ती दुसरी वेळ होती. म्हणून तो सीलबंद डबा, ती बिलं, ते बॅच क्रमांक.

सगळ्यांना सारखी वागणूक मिळते असं मी पालकांना सांगू शकत नाही. त्याच ट्रायमेटाझिडिनसाठी चीनचे २३ जलतरणपटू २०२१च्या सुरुवातीला पॉझिटिव्ह आले होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात मिसळलं असा निष्कर्ष चीनच्या संस्थेने काढला. ना निलंबन, ना जाहीर घोषणा. वाडाने अपील केलं नाही आणि जगाला हे एप्रिल २०२४ मध्ये कळलं. कॉक्सने स्वतः धडपडून पुरावा मिळवला होता. याची चीड मला अजून आहे. मात्र सुनावणीत "त्यांना सोडलं मग मला का नाही" हा मुद्दा कामाचा नाही, स्वतःचा पुरावाच लागतो.

आरोपपत्र आल्यावर, चार वर्षांची शिक्षा मागितली असेल आणि २० दिवसांत कबुली देऊन ती स्वीकारली, तर एक वर्ष कमी होतं. मुद्दाम काही घेतलं असेल तर मुलाशी मोकळेपणी बोलून हा रस्ता धरावा. घेतलं नसेल तर शिस्तपालन मंडळासमोर सुनावणी मागा. क्रीडा कायदा जाणणारा वकील आणि औषधशास्त्र जाणणारा माणूस दोघेही लागतील. दूषित उत्पादन सिद्ध झालं तर शिक्षा ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कुठेही येऊ शकते. सोळाखालच्या मुलांना नियमांत जास्त संरक्षण आहे. निकाल पटला नाही तर अपिलाची मुदत साधारण २१ दिवस: राष्ट्रीय पातळीवर नाडाच्या अपील मंडळाकडे, आंतरराष्ट्रीय खेळाडूला लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाकडे.

पायरी ६: बंदीचे दिवस

बंदी म्हणजे फक्त स्पर्धा बंद असं लोकांना वाटतं. क्लबच्या सरावगटात पोहता येत नाही, शिबिराला जाता येत नाही, दुसऱ्या खेळाच्या स्पर्धेतही उतरता येत नाही. एकट्याने, हौसेखातर पोहायला मनाई नाही. संघाबरोबरचा सराव शेवटच्या दोन महिन्यांत किंवा बंदीच्या शेवटच्या चतुर्थांशात, यांतलं जे कमी असेल तेव्हा सुरू करता येतो. या काळातही टेस्ट होऊ शकते, म्हणून पत्ता कळवत राहा आणि वही बंद करू नका.

ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू शायना जॅक २०१९ मध्ये लिगँड्रॉल या स्नायू वाढवणाऱ्या पदार्थासाठी पॉझिटिव्ह आली. ते शरीरात कुठून आलं हे तिला शेवटपर्यंत शोधता आलं नाही. तिने मुद्दाम घेतलं नव्हतं हे लवादाने मानलं आणि चार वर्षांऐवजी दोन वर्षांची बंदी दिली. टोकियो ऑलिंपिक हुकलं. त्या दोन वर्षांत तिला आपल्या संघाच्या तलावात पाऊल ठेवता येत नव्हतं. जुलै २०२३ मध्ये फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत तिच्या चौकडीने ३ मिनिटं २७.९६ सेकंदांचा विश्वविक्रम केला.